टाळ्यांसकट छापलेलं भाषण

सोमवार, २ मार्च १९३१
खासदार होऊन दोन वर्षं होत आली, सभागृहात अजून तोंड उघडलेलं नाही. घाबरतो म्हणून नव्हे. योग्य विषयाची वाट पाहत होतो. तो आला. आमच्या पेनगारो बंदराला लाटा अडवायला भिंत नाही, म्हणून दर हिवाळ्यात एखादी होडी घरासमोरच बुडते. भिंतीला सरकारी पैसा द्यावा का, यावर बुधवारी आणि पुढच्या सोमवारी चर्चा, मग मतदान. बुधवारी बोलणार. ठरलं.

भाषण आपल्याच छापखान्यात छापून घेतलं. दोन हजार प्रती. जागोजागी कंसात (हशा), (टाळ्या) घातलंय. प्रकाशकाने चार पावलं पुढचं पाहावं. बायको लव्हिनिया म्हणाली, "अहो, आधी बोला तरी!" तिला धंद्यातलं कळत नाही.

मंगळवार, ३ मार्च
सकाळपासून हातपाय गार. लंडनची हवा. आरशासमोर म्हणून पाहिलं. 'सभापती महोदय'पर्यंत उत्तम जमतं, पुढे जीभ टाळूला चिकटते. नव्या खासदाराच्या पहिल्या भाषणात कुणी टोकत नाही, असा इथला रिवाज. मग भ्यायचं कशाला? भीत नाहीच.

बुधवार, ४ मार्च
बोलायचं तर जागेवर उभं राहायचं, सभापतींची नजर गेली की ते नाव पुकारतात. उठलो. म्हणजे निम्मा. तेवढ्यात त्यांनी खरंच माझ्याकडे पाहिलं! खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागलो. बाहेर आमच्या पक्षाचे प्रतोद कॅथकार्ट भेटले. म्हणाले, "रोझवेअर, तुमची नाडी काय तासभर सुटत होती?" जळतात मेले.

सोमवारी नक्की.

गुरुवार, ५ मार्च
घात झाला. गुरुवारी प्रती रवाना करा, असं मीच ऑफिसला सांगून ठेवलं होतं. झाल्या. पेनगारोत घरोघरी, शिवाय प्रत्येक खासदाराला, सप्रेम भेट.

शनिवार, ७ मार्च
गावाहून अभिनंदनाच्या तारा. मिसेस ट्रेगेन्झा सोमवारी प्रेक्षकांच्या गॅलरीत येणार. त्यांचा मुलगा जोरी जानेवारीत बंदराच्या तोंडाशी बुडाला. भाषणात त्याचं नाव आहे, पान चार. "बुधवारचं भाषण ऐकायचं हुकलं, निदान मतदान बघते," असा निरोप आहे.

भीती वाटते. लिहून टाकलं, आता गेली असेल.

सोमवार, ९ मार्च, संध्याकाळ
उठलो. पूर्ण. नाव पुकारलं गेलं. 'सभापती महोदय' म्हणालो. पुढे काही येईना. बाकांवर पानं उलटल्याचा आवाज. प्रत्येकाच्या मांडीवर माझं पुस्तक! समोरून कुणीतरी ओरडलं, "पान दोन, हशा!" सगळे हसले. मग "पान तीन, टाळ्या!" बाकं बडवली. रिवाज कुठे गेला कोण जाणे.

पान चारवर मी (सभागृह स्तब्ध) छापलं होतं. सभागृह स्तब्ध झालं. थट्टा नव्हे, खरंच. तिथला मजकूर त्यांनी वाचला असावा. तेव्हा बोलता आलं असतं. वर पाहिलं. मिसेस ट्रेगेन्झा कठड्यावर झुकून वाट बघत होत्या.

मी खाली बसलो.

भिंत तीन मतांनी पडली.

बाहेर त्या थांबल्या होत्या. पुस्तक पिशवीतून काढून म्हणाल्या, "छापलंय मात्र फार सुरेख, साहेब. माझ्या पोराचं नाव अगदी बरोबर आलंय." मग म्हणाल्या, "एवढं नुसतं वाचून दाखवलं असतंत, तरी चाललं असतं हो."

त्यांना स्टेशनवर पोचवायला निघणारच होतो. नाडी सुटली.