फोम मी नेलाय

वहिनी,

घरभर शोधू नको, तुझा बसायचा फोम मी नेलाय. तुला तपासणीला मुद्दाम धाडलं आणि तुझ्या जागी दादाबरोबर ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर मी चढले.

"सातवा महिना म्हणजे काय आजार हाय का?" म्हणत होता दादा. मी म्हणलं, "मागच्या साली लेकरू फडातच गेलं, इसरलास व्हय रे?" मग त्यानंच तुझा कोयता माझ्या हातात दिला.

ट्रॉलीत हादरे लई बसतात, तिथं फोम कंबरेखाली घेईन. फडातल्या ओलीवर त्याच्यावरच टेकीन, वारं सुटलं की चुलीला आडोसा करीन, आणि मोळी उचलताना तोच डोक्यावर घेईन. यातलं एकही काम यंदा तुझं न्हाई.

विहीर आटली म्हणून टँकरपुढं घागर घेऊन पळू नको, पाणी आई आणील. तुझ्या पायांची सूज माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पोटात जरा जरी दुखलं तर लाजत बसू नको. जीपवाल्या धर्मराजला सांगून ठेवलंय, सरळ अंबाजोगाईच्या दवाखान्यात जा. मला फोन कर, उचलला नाही तरी करत राहा.

परत येताना फोम धुऊन आणते. लेकराला निजवायला लागंल.

सुभद्रा