होडीत तुमच्या जागी आई बसल्या

मामाजी, तुमच्या सुनेचा, संपदाचा नमस्कार.

गेलेल्या माणसाला पत्र लिहितात का, मला माहीत नाही. पण परवा आम्ही कोकणातून परत आलो आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. तुरीचे सोले काढायला बसले, अर्ध्यावर उठले. वरणात दोनदा मीठ पडलं. हे म्हणाले, "काय होऊन राह्यलं तुले? बरं वाटत नाई काय?" बरं आहे मला. मला फक्त तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे, आणि विचारायला तुम्हीच नाही.

आधी सगळं नीट सांगते. अर्धवट सांगितलेलं तुम्हाला चालायचं नाही. स्वतः मात्र अर्धवट सांगून निघून गेलात. माझं भांडण तेच आहे.

आठवतं, मला बघायला आसेगावहून एवढ्या लांब कोकणात आला होता? तुमच्यापैकी कुणीही त्याआधी समुद्र पाहिलेला नव्हता. पोहे झाले, चहा झाला, बोलणी सुरू व्हायची वेळ आली आणि मुलाचे वडीलच जागेवर नाहीत. घरचे शोधायला गेले तर तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्या बाबांच्या होडीत बसलेले. होडी धक्क्याला बांधलेली, आणि तुमच्या हातात बाबांचा गळ. तिथूनच बाबांना म्हणालात, "इवाई, पोरगी पसंत हाय आमाले. पन एक डाव आत नेऊन आना मले." आमच्या वाडीतल्या बायका अजून ते सांगून हसतात.

मग ते दर हिवाळ्याचंच झालं. हरभऱ्याला पाणी देऊन झालं की तुम्ही, मंगरूळपीरचे हनीफभाई आणि जऊळक्याचे देवरावकाका निघायचात. हनीफभाईंचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान, देवरावकाकांचं किराणा. तिघंही धरणावर गळ टाकून दिवस काढणारे. धरणाच्या पाण्यानंतर तुम्हाला समुद्राची चटक लागली. जऊळक्याहून अकोला, अकोल्याहून कल्याण, तिथून कोकणची गाडी. आणि तुमच्याबरोबर मी. गावातल्या बायका म्हणायच्या, केवढा चांगला सासरा, सुनेला एवढ्या लांब माहेरी नेतो. तुम्ही म्हणायचात, "मी कायचा नेतो तिले? तेच नेते मले."

खरं सांगू? मला कधीकधी रागही यायचा. माझं माहेर तुमच्या गळाला बांधलेलं होतं. एका वर्षी गहू उशिरा पेरला म्हणून तुमचं जाणं रद्द झालं, तर माझंही झालं. मी काही बोलले नाही. तुम्हीही विचारलं नाहीत.

आई तर तुमच्याबरोबर कधी आल्याच नाहीत. मासा घरात शिजायचा नाही, अंगणातल्या वेगळ्या चुलीवर शिजायचा. तुम्ही परत आलात की आधी न्हाणीघर, मग उंबरा. "मानूस पान्यावर जाऊन बसते, अन् इथं वावर कोन पाहीन?" असं म्हणत त्या तुमचे कपडे काठीने उचलून बादलीत टाकायच्या. तुम्ही हसायचात. त्या नाही हसायच्या.

भाद्रपदात तुम्ही गेलात. सोयाबीन बघायला म्हणून गेलात, शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसलात आणि तिथून उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. आम्ही सगळे एकमेकांना सांगत राहिलो, असं अचानक कसं झालं? कधी साधी सर्दी नाही, पडसं नाही. आलेल्या प्रत्येक माणसाला आईंनी हेच सांगितलं, "कायबी झालं नव्हतं हो त्यायले."

मार्गशीर्ष लागला तसा बाबांचा फोन आला. "होडीचं काम करून घेतलंय. कोणी येणार आहेत का यंदा?" मी म्हटलं, विचारून सांगते. दोन दिवसांनी हनीफभाई स्वतःच घरी आले. ओट्यावर कडेला बसले, चहा तसाच ठेवला. आईंना म्हणाले, "भाभी, यंदा आमी नाई जात. दादाच नाई त पाय उचलत नाई."

हे लगेच म्हणाले, "बरोबर हाय. बाबाच नाई त कायले जायचं?"

मी आत भाकरी थापत होते. हात थांबला. तुमच्यामागे माझी वाटही बंद झाली, असं वाटलं. आणि तेवढ्यात आई बोलल्या. सुपात डाळ पाखडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मी येतो."

हे म्हणाले, "आई, तू?"

"हो, मी. एवढी वर्सं काय होतं तिथं, एक डाव पायतो."

तुमच्या नातीची, सईची शाळा, म्हणून ती आणि हे घरी राहिले. आई निघाल्या म्हटल्यावर हनीफभाई आणि देवरावकाकाही तयार झाले, आणि आम्ही चौघं निघालो. गाडीत आईंनी दशम्या सोडल्या, सगळ्यांना दिल्या. हनीफभाईंना दुसऱ्यांदा वाढलं. ते खिडकीबाहेर बघत खात होते. आता कळतंय, त्यांना तो घास का गिळवत नव्हता.

सकाळी होडीवर गेलो. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा तो पहाटेचा थंड वारा तुम्हाला फार आवडायचा ना? आईंनी शाल डोक्यावरून घेतली होती. बाबांनी हात दिला, तो न धरता त्या स्वतःच आत उतरल्या आणि होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेजवळच्या फळीवर बसल्या. देवरावकाका पटकन म्हणाले, "वहिनी, तिथं दादा बसत."

"मंग मी कुठं बसू?" आई म्हणाल्या आणि तिथेच राहिल्या.

किनारा मागे पडला तशा त्या समोर बघत राहिल्या. मग बाबांना विचारलं, "याचा पल्याडचा काठ कुठं हाय?"

"तो दिसत नाही, विहीणबाई."

"मंग तिकडं जाता कायले?"

बाबा हसले. मीही हसले. तुम्ही गेल्यापासून त्या अशा बोलल्या नव्हत्या.

खडकाच्या पाण्यावर बाबांनी नांगर टाकला. गळाला कोळंबी लावून दोर आईंच्या हातात दिला. घरात मासा न शिजू देणारी बाई दोर बोटावर घेऊन बसली. बराच वेळ काहीच नाही. देवरावकाका आपले बांगडे काढत होते. मग आईंचा हात एकदम खाली गेला. बाबा म्हणाले, "ओढू नका. जाऊ द्या त्याला, दमला की हळूहळू घ्या." आईंनी दोर सोडला, घेतला, पुन्हा सोडला. ओठ घट्ट मिटलेले. वर आली ती चांगली हातभर तांबोशी. आई तिच्याकडे बघत म्हणाल्या, "केवढी लाल हाय. असं होय..." आणि थांबल्या. पुढचं वाक्य तुमच्यासाठी होतं, मामाजी. मला ते कधीच कळणार नाही.

हनीफभाईंनी अजून गळ पाण्यात टाकलाच नव्हता. ते म्हणाले, "भाभी, मले काई सांगाचं हाय. इथंच सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. मागच्या हिवाळ्यात, याच पाण्यावर, तुमच्या छातीत कळ आली. एवढ्या थंडीत सदरा घामाने भिजला. तुम्ही फळीवर आडवे झालात. बाबांनी इंजिन सुरू केलं तर तुम्ही हात धरलात. थोड्या वेळाने बरं वाटलं, उठून बसलात आणि तिघांना शपथ घातलीत. "घरी सांगसान त मायं इथं येनं बंद होईन." हनीफभाई परतताना म्हणाले होते, अकोल्यात उतरून डॉक्टरला दाखवू. तुम्ही म्हणालात, गॅस झाला होता.

तेव्हा मी किनाऱ्यावर होते, मामाजी. त्या दुपारी मीच तुमच्यासाठी सोलकढी केली होती. तुम्ही दोनदा मागून प्यायलात. माझ्या तोंडाकडे बघून कसं जमलं तुम्हाला?

मी बाबांकडे बघितलं. "तुम्हालाही माहीत होतं?"

बाबा पाण्याकडे बघत होते. "व्याह्यांनी शपथ घातलीन होती गो."

मला उठून चालायला लागावंसं वाटलं. पण होडीत चालून जायचं कुठे? दोन पावलांवर पाणी. मी बसून राहिले, पायाचे अंगठे आवळून. आईंच्या बोटावर दोर अजून गुंडाळलेला होता. तो त्यांनी सावकाश सोडवला. म्हणाल्या, "माघारी घ्या."

घरी माझ्या आईने पान वाढलं, आई पानावर नुसत्या बसून उठल्या. दुसऱ्या दिवशी निघालो. बाबा स्टेशनवर आले होते. कोकमाची पिशवी पुढे केली. मी त्यांच्याकडे न बघता ती घेतली. गाडी हलली तेव्हाही बघितलं नाही.

सगळ्या वाटेत आई हनीफभाईंशी एक शब्द बोलल्या नाहीत. कल्याणला ते चहा घेऊन आले. आईंनी कप घेतला, खाली ठेवला, तो तिथेच थंड झाला. देवरावकाका उगाच गाडीच्या वेळा सांगत होते. मी दाराशी जाऊन उभी राहायचे, परत यायचे, पुन्हा जायचे.

जऊळक्याला उतरलो. देवरावकाका घरी गेले. आम्ही आसेगावच्या ऑटोची वाट बघत होतो. हनीफभाई आमच्या पिशव्या जवळ घेऊन थोडे लांब उभे होते. आई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"हनीफभाई, तुमी छाती दाखवली काय कधी कोनाले?"

ते गोंधळले. "नाई भाभी. मले काय झालं?"

"त्यायलेबी काई झालं नव्हतं," आई म्हणाल्या. "उद्या वाशीमले चाला. मी येतो संगं. संपदा, तूबी चाल."

काल आम्ही वाशीमला गेलो. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. रक्तदाब फार वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, आता रोज गोळी घ्यायची, अजून तपासण्या करायच्या. बाहेर बाकड्यावर हनीफभाई रुमाल तोंडाला लावून रडले. "दादाले मीच आनाले पाह्यजे होतं, भाभी. ओढून आनाले पाह्यजे होतं."

आई त्यांच्या शेजारी बसल्या. "तुमी ओढलं असतं तरी ते आले नसते. मले ठाऊक हाय तो मानूस." मग म्हणाल्या, "मले सांगतलं असतं त मी जाऊ दिलं नसतं. म्हनूनच नाई सांगतलं त्यायनं."

एवढंच. त्यात राग किती आणि काय किती, मला कळलं नाही. त्यांना तरी कळलं असेल का?

मामाजी, मला विचारायचं आहे ते हेच. तुम्हाला समुद्र इतका हवा होता का? की घरी कळलं असतं तर सगळे आपल्याला आजारी माणूस म्हणतील, याची भीती वाटली? आणि मनात दुसरंही येतं, ते मी कुणाला बोललेले नाही. तुमचं जाणं बंद झालं तर माझंही माहेर बंद होईल, म्हणून तर गप्प राहिला नाहीत ना? तसं असेल तर मला ते नको होतं. मी फोनवर बोलून राहिले असते. दहा वर्षं राहिले असते.

आज सकाळी आईंनी विचारलं, "तुया बापाले फोन केला काय?" मी मान हलवली, नाही. "कर," त्या म्हणाल्या. "शपथ यायनं घातली, त्याची सजा तुया बापाले कायले?" बाबांना फोन करायचा आहे. पत्र झालं की करते. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही जाणार आहोत. हनीफभाई डॉक्टरांना विचारून येतील, आई येणार म्हणाल्या आहेत, आणि यांनाही या वेळी मी ओढून नेईन. तुम्हाला एक शब्द देते. त्या होडीत कुणालाही काहीही दुखलं, तर मी नांगर उचलायला लावीन आणि ते त्याच्या घरी सांगीन. कुणी कितीही शपथा घातल्या तरी सांगीन. मला कळलं असतं तर तुमचंही सांगितलं असतं. तुम्ही चिडला असतात, माझ्याशी बोलणं टाकलं असतंत, ओट्यावर पाठ फिरवून बसला असतात. पण बसला असतात, मामाजी.

तुमची सून,
संपदा