तिसरी पेटी मिळाली

बंगळूर, ९ जून

आप्पा,

पेटी मिळाली. मिळाली, मिळाली, मिळाली. तीनदा लिहिलं कारण पेट्याही तीन मिळाल्या, आणि तरी परवा फोनवर तुम्ही मला सुनावलंत की आंबे पाठवून दीड महिना झाला, पोचल्याचं एका शब्दाने कळवत नाहीस, शहरात जाऊन माजलास. पहिली मिळाली त्याच दिवशी मी फोन केला होता. दुसरी मिळाली तेव्हाही केला. तिसरी आली तेव्हा काकीला केला आणि विचारलं, यंदा आपल्या बारा कलमांना एवढं पीक आलंय काय? काकीने पावसाचं काढलं. म्हणून आता कागदावर लिहून पाठवतो. फोन वाऱ्यावर जातो, कागद खिशात राहतो. पुढच्या वेळी रागावण्याआधी खिसा चाचपावा ही विनंती. (नमस्कार करायचा राहिला, तो इथे करतो, वाकून. तब्येत कशी आहे हेही विचारतो, पण तुम्ही "मला काय धाड भरलीय" एवढंच सांगणार, म्हणून ते उत्तर मीच लिहून घेतलंय.) तुमचा चष्मा सापडत नसणार, म्हणजे दीपाली वाचून दाखवत असेल. तिला म्हणावं, बारावी पास झालीस ना, मग बापापुढे आवाज मोठा काढ आणि मधलं गाळू नको.

दुसरी तक्रार. राजाभाऊंच्या दुकानावर तुम्ही सांगितलंत म्हणे, की आमचा सदू चिलटं मारायच्या कंपनीत लागलाय, पाचवी नोकरी, गणपतीच्या आत घरी येऊन बसेल. आप्पा, मी चिलटं मारत नाही, पोसतो. आणि आठ महिने झाले, अजून इथेच आहे. आंब्याला डंख मारते ती तुमची वैरीण फळमाशी, ती ही नव्हे. पिकल्या केळ्यावर भिरभिरतात ना, तांदळाच्या कणीएवढी, ती. इथल्या एका मोठ्या संस्थेत त्यांच्या हजारो बाटल्या आहेत आणि त्यांचा स्वयंपाकी मी. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट, घट्ट व्हायला चायना ग्रास, सगळं मोठ्या टोपात शिजवायचं आणि गरम आहे तोवर बाटल्यांत ओतायचं. काकीला सांगा, खाली लागू द्यायचं नाही हे तिने शिकवलेलं तेवढं उपयोगी पडलं, आठवीपर्यंतचं शाळेतलं बाकीचं सगळं वाया गेलं. (पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, वेलची घालू काय? इथे सलिल म्हणून एक आहे, तो डॉक्टर व्हायला शिकतोय, पण औषध देणारा डॉक्टर नव्हे. तो दोन दिवस हसत होता.)

एवढ्या शिकलेल्या लोकांना चिलटांचं काय पडलंय, तर म्हातारपणाचं. माणूस म्हातारा व्हायला साठ-सत्तर वर्षं लागतात, तोवर बघणाराच म्हातारा होतो. चिलट दोन महिन्यांत जन्मून, संसार करून, म्हातारं आणि विसराळू होऊन मोकळं. आमच्या सुमेधा मॅडम म्हणतात, आईबापाकडून पोरांत जे उतरतं, रंग, नाक, आवाज, त्याची जी बारीक लिखापढी अंगात असते ती चिलटाची आणि आपली बरीचशी सारखी. (हे ऐकून मला राग आला होता. मग शिमग्यात पालखीवरून झालेली आपली भावकीची बैठक आठवली आणि राग गेला.) म्हणून एकेका घराण्याची चिलटं वेगळी ठेवतात, बाटलीवर चिठ्ठी, कूळ कोणतं, जन्म कधीचा. आपल्याकडे लग्न जुळवताना एवढं बघत नाहीत. पोरी जन्मल्या की काही तासांच्या आत त्यांना पोरग्यांपासून वेगळं काढायचं असतं, त्यासाठी सलिल पहाटे उठून येतो. आपल्या वाडीतल्या कुठल्या बापाने एवढी राखण केली नसेल.

आणि अशा या सोवळ्यात तुमची तिसरी पेटी आली. पहिल्या दोन सगळ्यांनी मिळून खाल्ल्या. मॅडमनी बाठा चोखता चोखता विचारलं, तुझे आप्पा आढी कशी लावतात? (मी सांगितलं, भाताच्या पेंढ्यात, आणि रोज हात घालून वास घेतात, आणि तेवढे दिवस घरात कोणाशी धड बोलत नाहीत.) पण तिसरी आली तेव्हा सगळ्यांची पोटं भरलेली, म्हणून ती मी स्वयंपाकाच्या खोलीत टेबलाखाली सरकवली आणि विसरलो. (हो, विसरलो. विसरणं काही तुमच्या एकट्याच्या मालकीचं नाही.) आंबे पिकून उतरले, त्यावर पेटीतूनच आलेली आपल्याकडची चिलटं घोंघावायला लागली, आणि मी बाटल्यांचे कापसाचे बोळे काढून नवीन खाणं भरत असताना त्यातला कोणी एक लफंगा वेगळ्या ठेवलेल्या पोरींच्या बाटलीत शिरला. बारा दिवसांनी सलिल बोंबलत आला. त्याचं दोन वर्षं जपलेलं पांढऱ्या डोळ्यांचं घराणं, त्यात झाडून सगळ्या पोरी लाल डोळ्यांच्या! पोरगे तेवढे आईवर गेलेले, पांढऱ्या डोळ्यांचे. सलिल म्हणाला, बाप बाहेरचा आहे. मॅडमनी खोलीभर नजर फिरवली, ती टेबलाखाली येऊन थांबली. पेटीवर तुमच्या ठळक अक्षरात बापाचं गाव लिहिलेलंच होतं, हेदवी, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी.

खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी पिशवी भरली होती. नोकरी सोडण्यात माझा हात धरणारा कोणी नाही हे तुम्हीच म्हणता. पण त्याच घराण्याच्या बाटल्या दुसऱ्या खोलीत शाबूत निघाल्या, आणि मॅडमनी हाकलायच्या ऐवजी शिक्षा दिली, महिनाभर सलिलशेजारी बसून म्हातारी चिलटं मोज. काचेची नळी असते. ती ठोकली की चिलटं तळाला पडतात आणि लगेच वर चढायला लागतात, तो त्यांचा स्वभाव. तरणी असतात ती दहा मोजायच्या आत रेघेच्या वर. पन्नास दिवसांची म्हातारी खालीच. त्यात एक होतं, अर्ध्यावर चढायचं, थांबायचं, पुढचे पाय एकमेकांवर घासायचं, आणि परत खाली. आप्पा, तुम्ही पडवीतून माजघरात जायला निघता, मध्येच उंबऱ्यावर उभे राहता, टोपी काढून डोकं खाजवता आणि माघारी फिरता, अगदी तसं. (चेष्टेत घ्या.) मी सलिलला म्हटलं, ह्याला अजून दहा मोजू दे ना. तो म्हणाला, नियम दहाचा आहे. त्या दुपारी मी त्याच्या वाटचा चहाही पिऊन टाकला.

तर कामाचं. काकीचा गुडघा दुखतोय असं कळलं. तिला एकटीला रत्नागिरीला पाठवणं बरं दिसत नाही, येत्या सोमवारी तुम्ही सोबत जा. डॉक्टरांचा नाव-पत्ता मागच्या बाजूला आहे. तिथे बसून कंटाळा आला तर, आलोच आहोत म्हणून, तुम्हीही चार थेंब रक्त देऊन या.

तुमचा पुतण्या,
सदू

ता. क. दीपाली, इथून पुढे मनात वाच. काकीचा गुडघा मी बनवलाय. तिला सोमवारपर्यंत जरा लंगडायला सांग, पण रोज त्याच पायाने. मी मॅडमना तीन पेट्यांचं आणि फोनवरच्या रागाचं सांगितलं, वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, चिलटांवरून माणसाचं ठरवता येत नाही आणि मी रोग्यांची डॉक्टर नव्हे, पण दाखवायला उशीर करू नका. कधी नुसतं जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं, कधी थायरॉईड असतं, औषधाने उतार पडतो. कधी दुसरंच असतं, पण ते कळायलाही जावं लागतं. आणि आप्पांनी पुन्हा पेटीचं विचारलं, की हे पत्र पहिल्यापासून वाच, आजच आल्यासारखं. कंटाळायचं नाही.

आणखी ता. क. आप्पा, प्रगतिपुस्तकावर मी केलेली तुमची सही तुम्ही लांबून बघून ओळखली होतीत, म्हणजे आता दीपाली गप्प झालेली बघून तुम्ही कागद ओढून घेतला असणारच. मग सरळच लिहितो. गुडघा खोटा आहे. सोमवारी दाखवायचंय ते तुम्हाला. परवा फोन ठेवताना तुम्ही म्हणालात, "सांभाळून राह, धोंडू." बाबांना, तुमच्या धोंडूला, जाऊन अकरा वर्षं झाली. मी "होय दादा" म्हणालो, ते तुम्हाला म्हणायचे तसं, आणि मग बराच वेळ टोप ढवळत बसलो, रिकामा. आवाज बापाचा उतरतो म्हणतात, तेव्हा चूक तुमची नसेल, माझ्या गळ्याची असेल. पण शिव्या तुम्ही मला सदू म्हणूनच घालायच्या. मी नियम मोडून हवे तेवढे आकडे मोजत थांबेन, चढायचं मात्र तुम्हीच. डॉक्टरांची फी, रक्ताची तपासणी, दोघांचं एसटीचं अर्धं तिकीट, आणि येताना स्टँडवरचा चहा, एकदा घेतलेला विसरून पुन्हा घेतलात तरी पुरेल, असे मिळून पाठवतोय तीन हजार चारशे रुपये.