चिमीच्या गेमचा काही दोष नव्हता

ताई,

कॉम्प्युटर चालू झालाय. तुझी भाषांतरं सगळी जागच्या जागी आहेत, मी उघडून बघितली.

नव्या डिस्कवर सगळं उतरवल्यावर जुनी काढून ठेवायची असते. मी दोन्ही लावूनच मशीन सुरू केलं आणि ज्याच्यावरून ते चालू होतं ते बूट रेकॉर्डच बिघडवलं. आज सकाळी ते दुरुस्त केलं.

चिमीच्या गेममुळे बिघडलं, ही थाप मी मारली होती. तू तिला नको नको ते बोललीस, तेव्हाही मी चहा पीत गप्प बसलो.

तुला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून लवकर निघतोय. पण चिमीला तू काही सांगू नकोस, संध्याकाळी मीच सांगेन. काल ती "सॉरी, मामा" म्हणत माझ्याजवळ आली होती, आणि मी तिला चक्क माफ केलं.