वास गेला होता

बाबा, तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही, कारण तुम्ही होतात तेव्हाही आपण एकमेकांना लिहीत नव्हतो. आज रविवार आहे, दुपारचे तीन वाजलेत, प्लांट बंद आहे, मी ऑफिसात एकटा बसलोय आणि मला भीती वाटते आहे. भीतीचं सांगायला तुमच्याशिवाय कोणी सुचेना. आपल्या घरात भीतीचं खातं तुमच्याकडे होतं आणि त्यावरून मी तुमची किती थट्टा करायचो!

प्लांट कसला ते आधी सांगतो. तेल आणि गॅसच्या विहिरींवर सत्तावीस वर्षं काढून मी मागच्या वर्षी बोरी अरब गावाजवळच्या या प्लांटवर आलो. शेतातल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या बारीक करायच्या, त्यात शेण कालवायचं, मोठाल्या बंद टाक्यांत कुजवायचं आणि निघालेला गॅस साफ करून गाड्यांसाठी भरून द्यायचा, असं हे काम. जमिनीखालचं तेल जाळून जाळून आपले उन्हाळे कसे झालेत ते तुम्ही पाहायला नाहीत, आणि त्यात माझाही हात आहे, हे मी नाकारत नाही. म्हणून तर आलो. पूजेच्या दिवशी टाकीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि एक पाहुणे माझा हात धरून म्हणाले, "साहेब, आता खरं पुण्याचं काम करून राह्यले तुमी." मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू. पण बाबा, जमिनीतून आला काय आणि शेणातून आला काय, गॅस तोच. त्याच्यासोबत येणारा, सडक्या अंड्यांसारखा वास मारणारा विषारी वायूही तोच. तिकडे विहिरीवर त्याची अशी धास्ती होती की वायू मोजायचा मीटर धरल्याशिवाय कोणी झाकणाला हात लावत नसे. इथे मी काही बोललो की लोक हसतात. म्हणतात, शेणच तं हाय साहेब, शेणाले काय भ्यायचं.

तुम्ही मात्र भ्यायचात. मला तुमचा पंप आठवतो. सकाळी सातला तुम्ही जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडून आत पितळी पट्टी सोडता आणि किती पेट्रोल उरलं ते बघता. पण झाकण उघडण्याआधी खिशातून कापसाचा एक चिमटा काढून हवेत सोडता. तो ज्या बाजूला जाईल त्याच्या उलट बाजूला उभे राहता, म्हणजे वाफ अंगावर येत नाही. तुमच्या खिशात कायम कापूस असायचा आणि आई कपडे धुताना वैतागायची. मी पहिल्यांदा विहिरीवर गेलो आणि वारा कळावा म्हणून खांबावर लावलेली ती कापडी नळी बघितली, तेव्हा एकटाच हसलो. एवढा मोठा कारखाना, आणि आमच्या बाबांचा कापूस त्यानं कापड शिवून वर टांगला होता!

आणि ती स्वयंपाकघरातली सकाळ. नवा गॅस घरात येऊन आठ-पंधरा दिवस झाले असतील. शेगडीचं बटण अर्धवट उघडं राहिलेलं, आणि तुम्ही चहा करायला काडीपेटी हातात घेऊन उभे. मी दारातून आत आलो तर वासानं डोकं भणाणलं. मी ओरडलो. तुम्ही काडी खाली टाकलीत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "वास येऊन राह्यला काय? मले काहून नाही येत?" मग अंगणात नेऊन तुम्ही मला समोर बसवलंत. "नाकावर जाऊ नको लेका. माह्यं नाक पेट्रोलनं मेलं. मेलेलं नाक थोडीच सांगते का मी मेलं म्हणून." त्यानंतर तुम्ही शेगडीला कधी हात लावला नाही. पुढे प्रशिक्षणात साहेबांनी सांगितलं की तो विषारी वायू जास्त झाला की आधी नाकच मारतो, वास जातो आणि माणसाला वाटतं धोका गेला. वर्गातल्या बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी घेतलं नाही. मला ते घरचंच वाटत होतं.

मंगळवारी मिसळण्याच्या खड्ड्यात पऱ्हाट्या आणि सुतळीचा गुंता होऊन ढवळायचा पंखा अडकला. मीटर तपासणीसाठी नागपूरला गेलेला, दोन दिवसांनी येणार. बाहेर पऱ्हाट्यांच्या ट्रॉल्यांची रांग, मालकांचे फोनवर फोन. खड्ड्यावरचा आमचा माणूस जवळच्या तांड्यावरचा, चाळिशीचा, कामाला वाघ. तो तोंडाला दुपट्टा बांधून शिडीपाशी उभा राहिला. मी त्याला थांबवलं. ब्लोअर लावून अर्धा तास आत हवा सोडली. कापसाचा चिमटाही सोडला, हो, तुमचाच. त्याला कमरेला दोर बांधायला लावला. मग काठावर ओणवा होऊन वास घेतला. सकाळपासून नाकात बसलेला तो वास पार गेला होता. शिडीपाशी तो माझ्याकडे बघत म्हणाला, "उतरू काय साहेब?"

मी म्हणालो, "उतर. वास नाही आता."

तिसऱ्या पायरीवर त्याचा हात सुटला. आवाजसुद्धा केला नाही त्यानं. आम्ही चौघांनी दोर ओढला. वर आला तेव्हा त्याच्या ओठांचा रंग मी पाहिला आणि तो रंग आता रोज दिसतो. लोक धावत आले. कोणी काही विचारायच्या आत मीच ओरडत होतो, "मी नाही म्हटलं होतं! विचारल्याशिवाय उतरला हा!" ब्लोअरच्या घरघरीत आम्हा दोघांचं बोलणं दोर धरणाऱ्यांनीही ऐकलं नव्हतं. का ओरडलो? बावन्नाव्या वर्षी तेलवाल्या इंजिनिअरला दुसरीकडे कोण घेणार, ही भीती. प्लांट बंद पडेल, ही भीती. सगळ्यात मोठी भीती ही, की ज्याला सत्तावीस वर्षं ठाऊक होतं, त्यानंच नाकावर विश्वास ठेवला.

तो वाचला, बाबा. काल यवतमाळच्या दवाखान्यात भेटून आलो. बायको उशाशी बसली होती. मला पाहून तो उठायला लागला. मी म्हटलं, पडून राहा. तर हात जोडून म्हणतो, "साहेब, मले काईच याद नाही. मीच उतरलो असीन, माह्यंच चुकलं. पण नौकरीवरून नका काहाडू." बायको म्हणाली, "तुमी दोर बांधला म्हून हा माणूस हाय." मी मान डोलावली. मान डोलावली, बाबा! नेलेली केळी तिच्या हातात दिली आणि पायऱ्या उतरलो.

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे, म्हणूनच विचारत नाही. तुम्ही भित्रे होतात, पण आपलं नाक मेलंय हे तुम्ही मला, एका पोराला, अंगणात बसवून सांगितलंत. मला एवढं मोठं होऊन ते जमलं नाही.

हे लिहितोय ते कागद एका बाजूनं भरलेले आहेत. त्या बाजूला माझ्याच अक्षरात अपघाताचा अहवाल आहे. "सदर कामगार परवानगी न घेता खड्ड्यात उतरला", आणि खाली माझी सही. उद्या दहा वाजता तो मालकांच्या टेबलावर ठेवायचा होता. आता मागे हे सगळं लिहिल्यावर ठेवता येणार नाही, नवा लिहावा लागेल. त्याचं पहिलं वाक्य काय असायला हवं ते कळतंय आणि भीती त्याचीच वाटते आहे. हे पत्र कुठे जायचं नाही, टेबलाच्या खणात राहील. कपाटात कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता, बाबा. लिहायला बसण्याआधी मी तो पाहिला होता, तरी हेच कागद घेतले.