उणे दहाचं वाहतं पाणी

८ डिसेंबर १९८०

परत गोठलं! उणे चारलाच! बर्फात मीठ कालवून हात सुन्न, आणि नळीत पांढरा खडा. पुण्याचे माझे मार्गदर्शक सोहोनी सर म्हणाले होते, "नाशिकला बादलीत असले प्रयोग होत नसतात. संक्रांतीपर्यंत उणे दहाचं वाहतं पाणी दाखवा, नाहीतर एरंडेलाच्या घट्टपणावर पीएच.डी. करा." एरंडेल! मला वाससुद्धा सहन होत नाही.

१० डिसेंबर

शून्याखालीही पाणी न गोठता राहतं, बर्फ धरायला एखादा कण लागतो — वर्गात किती तावातावाने शिकवते मी! मग माझ्याच पाण्यात कण कुठून येतोय?

११ डिसेंबर

सापडलं!! शुद्ध पाण्याच्या बाटलीचं बूच उलटं केलं — खालून लाल! प्रयोगशाळेतले निवृत्तीमामा खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावतात. यंदा बाटलीलाही लावलं, अगदी बुचापाशी. मी ओरडलेच. ते शांतपणे, "बाई, तुम्ही रोज तिलाच धरून बसता. म्हटलं, हीच मोठी मशीन हाय." हसू आलं.

१५ डिसेंबर

नवं पाणी, नवी बाटली. उणे सहा — वाहतंय. उणे आठ — वाहतंय! उणे दहा!!! साधं पाणी, पण नळीतून काय रेंगाळत उतरतंय! एरवीच्या अडीचपट वेळ. आणि थंडी वाढेल तशी ही वाढही वाढतेय, आलेखावरची रेष सरळ राहायलाच तयार नाही. पाणी थंडीत घट्टावतं हे ठाऊक होतं, पण इतक्या घाईने? मामांना ओढून आणलं.

"दिसतंय का?"

"पाणी हाय, बाई."

"याचा एव्हाना बर्फ व्हायला हवा होता!"

"हां! मग लय भारी!"

२ जानेवारी १९८१

सर आले. नळीवर असे वाकले की मफलर बादलीत जाता जाता राहिला. स्वतः घड्याळ लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "अहो, खरंच की!" मग नळीला टिचकी मारली. इतक्या थंड पाण्याला धक्काही पुरतो — क्षणात सगळं पांढरं! लहान मुलासारखे हसले. माझे आकडे उतरवून घेऊन गेले. जिंकले मी! घरी येताना पेढे घेतले.

९ जानेवारी

सरांचं पत्र आलं. माझा विषय पुण्यातल्या एका विद्यार्थ्याला दिला. "तिथे थंड करायचं यंत्र आहे, काम लवकर होईल." प्रयोगशाळेत बसून रडले. मामा दारातूनच म्हणाले, "बाई, उद्याचा बर्फ सांगू का नको?"

रोजची एक नको, दोन लाद्या सांगा म्हटलं.