प्लायवूडवरची दोन विद्यापीठं

प्रिय दादा,

फोनवर बोलायला लागलं की बाबा शेजारी येऊन उभे राहतात, म्हणून हे ईमेलने लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

शुक्रवारी दुपारी चारच्या आत कॉम्प्युटर सायन्सची जागा पक्की करायची आहे. प्रवेश दोन्हीकडे मिळालाय: तुझ्या नावाजलेल्या विद्यापीठात, आणि इथून बसने तासाभरावर असलेल्या साध्या विद्यापीठात. बाबांनी काल सुतारकामाच्या खोलीत प्लायवूडच्या तुकड्यावर तक्ता आखलाय. शाळेत जाण्याआधी आपण तिथेच भुशात बसून गणित शिकलो. रीत दाखवली नाही, तर बरोबर उत्तरावरही त्यांची काट पडायची. अजून तेच. "इथलं बरं वाटतं म्हणू नकोस. कशावरून, ते मांड."

मी मांडलं. तुमच्याकडे पहिल्या वर्षाला चारशे जण एका सभागृहात, आणि प्रोग्रॅम मशीन तपासणार. इथे वर्गात तीस, आणि चूक झाली की बाई शेजारी बसून ती आपल्यालाच शोधायला लावतात. मी स्वतः बघून आले. बाबा मान डोलावत होते. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि तुझ्या रकान्यात लिहिलं, 'दादा आहे.' खाली दोन रेघा. आई म्हणाली, "झालं की मग! पाठीशी भाऊ असताना हिला कसली धास्ती?" तुझ्या खोलीत दुसरी गादी मावेल का, हे ती तुला विचारणार आहे.

ती ओळ मला खोडताही येईना आणि खरी आहे असंही म्हणवेना. त्याला कारण माझाच शंकेखोरपणा. मी दोन्हीकडे सतरा-सतरा प्रश्न लिहून पाठवले होते. तुमच्या कार्यालयाने मनावर घ्यावं म्हणून, माझा भाऊ तुमच्याकडेच तिसऱ्या वर्षाला आहे असं लिहिलं आणि तुझा नोंदणी क्रमांकही दिला. सोमवारी उत्तर आलं. सगळ्या प्रश्नांची नीट उत्तरं, आणि शेवटी मदत म्हणून एक ओळ: या विद्यार्थ्याने गेल्या वर्षीच नाव काढून घेतलं आहे, त्याची मूळ प्रमाणपत्रं इथेच पडून आहेत, येताना घेऊन जा.

आधी तुझा भयंकर राग आला. दर रविवारी फोनवर किती रंगवून सांगायचास परीक्षांचं! मग आठवलं, मागच्या सुट्टीत कुणी अभ्यासाचं विचारलं की तू रंधा आणखी जोरात मारायचास.

आज बुधवार. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पण मी इथलंच विद्यापीठ निवडणार, आणि 'दादा आहे' ही ओळ खरी असल्यासारखं दाखवून बाबांशी वाद घालणं मला जमणार नाही. नाव काढून घेतल्याचं तुझ्या तोंडून त्यांना कळू दे. शुक्रवारी सकाळपर्यंत थांबते. तू फोन केला नाहीस तर मी सांगेन, आणि तुझ्या पाठीमागे सांगितलं असं व्हायला नको म्हणून हे पत्र. बाबा ओरडतील. आई रडेल. मग दोघंही चपला घालून तुला आणायला निघतील, हे तुलाही माहीत आहे. म्हणून बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, एवढं कळव, त्यांनी यायचं कुठे?

तुझीच,
धाकटी